मिरचीचा ठसका आणि आईचं नाक

अंगाच्या अस्तराची ओळख करून द्यायला मिरचीसारखा मास्तर नाही, असं माझं मत आहे. हे मत मी पुढे कॉलेजातल्या प्राध्यापकांनाही ऐकवलं. ते हसले, पण खोडून कुणी काढलं नाही. ज्या घरात पाडवा झाला की दोन महिने मिरची भाजली, कुटली आणि चाळली जाते, त्या घरातल्या पोरीला पुस्तक उघडायच्या आधीच कळलेलं असतं की तळहाताला मिरची काही करत नाही, बोटांच्या मागच्या बाजूला लागली तर आग होते, आणि तोच हात चुकून डोळ्याला गेला तर फक्त देवाचं नाव घ्यायचं. कातडी सगळीकडे सारखी नसते, हे मला असं समजलं.

आमचं घर मालवणहून आत, कट्टा गावाच्या अलीकडे होतं. वडील आणि काका मुंबईत गोदीत कामाला. ते मे महिन्यात यायचे आणि पाऊस जवळ आला की जायचे. एरवी घरात आई, मी, काकी आणि काकीचं तान्हं मूल. आई लोकांचा मसाला करून द्यायची. बायका आपापल्या मिरच्या, धणे, बडीशेप, दगडफूल, सगळे जिन्नस घेऊन यायच्या. आमच्या पडवीत दगडाचं व्हायन, म्हणजे उखळ, जमिनीत पुरलेलं होतं, त्यात कुटायचं काम त्यांचं त्यांनी करायचं. भाजायचं काम मात्र आईचं. धणे किती भाजायचे, बडीशेप कधी उतरवायची, मिरचीला तव्यावर किती वेळ ठेवायचं, हे ती ठरवायची आणि ते ठरवायची नाकाने. कढईपाशी उभी राहायची, डोळे मिटायची, हाताने ढवळत राहायची आणि एकदम म्हणायची, "काढ." काढलं की झालं. पुन्हा बघायची गरज नसे.

वाडीत म्हणायचे, "तिका नाकान दिसता." हे काही उगाच नव्हतं. डब्याचं झाकण उघडल्याबरोबर ती सांगायची की हे धणे गेल्या साली आणलेले आहेत, आणि जिने आणले तिचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. मुंबईला परत जाणाऱ्या चाकरमान्यांच्या डब्यांतून आईच्या हातचा मसाला पार गिरगावापर्यंत पोचायचा. आईला याचा फार अभिमान होता. ती बोलून दाखवत नसे, पण कुणी स्तुती केली की पदर खोचून उगाचच चुलीतली लाकडं सारखी करायची.

त्या वर्षी मी मॅट्रिकला होते. शरीरशास्त्र शिकवायला घाटावरचे एक सर आले होते. अंगाने किडकिडीत, आवाज खणखणीत. सुकट वाळत घातलेल्या खळ्यावरून जाताना ते नाकाला रुमाल लावायचे, म्हणून मुलांनी त्यांना ठेवलेलं नाव मी इथे लिहीत नाही. शाळेत सूक्ष्मदर्शक नव्हता. सर रंगीत खडूंनी फळ्यावर चित्रं काढायचे आणि तोंडाने अशी काही वर्णनं करायचे की आपण ते बघितलंच आहे असं वाटायचं.

अभिस्तर ऊतींचा धडा त्यांनी असाच शिकवला. पुस्तकातला शब्द एकदा फळ्यावर लिहिला आणि म्हणाले, "हा परीक्षेत लिहायचा. आपसांत बोलताना अस्तर म्हणायचं. शरीराला जिथे जिथे बाहेरची बाजू आहे आणि जिथे जिथे पोकळी आहे, तिथे अस्तर आहे. कोट उलटा केला की दिसतं ते." मग त्यांनी आमच्याच गावातल्या वस्तू घेतल्या. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांना आणि रक्तवाहिन्यांना आतून चपट्या पेशींचा एकच थर असतो, फरशी बसवल्यासारखा, कारण त्यातून हवा आणि इतर गोष्टी आरपार जायच्या असतात. मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांना आणि लाळेच्या ग्रंथींच्या नळ्यांना घनाकार पेशी, एकाला एक लावून ठेवलेल्या चिऱ्यांसारख्या. जठरात आणि आतड्यांत उंच पेशी, कुडाच्या बांबूंसारख्या उभ्या. आणि कातडी, तोंड, अन्ननलिका इथे थरावर थर. "तुम्ही घराला माडाची झापं घालता ना, तशी," सर म्हणाले. "वरचं झिजतं, खालून नवीन येतं. फरक एवढाच की तुम्हाला दरवर्षी माडावर चढावं लागतं आणि शरीर हे काम गुपचूप करतं."

मूत्राशयाच्या अस्तरापाशी आल्यावर मात्र सरांनी पुढच्या बाकांवर बसलेल्या आम्हा पाच मुलींकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "हे ताणलं जाणारं अस्तर आहे. बाकीचं घरी वाचा." त्या दिवशी अख्ख्या वर्गाने घरी जाऊन फक्त तेवढंच पान वाचलं. बाकी सगळं विसरले तरी मूत्राशय भरलं की तिथल्या पेशी चपट्या होतात आणि रिकामं झालं की पुन्हा फुगीर होतात, हे आमच्यातल्या एकालाही आयुष्यात विसरता आलेलं नाही.

मला या धड्याचं वेडच लागलं. घरात जे जे दिसेल त्याला मी अस्तर चिकटवू लागले. व्हायनावर कुटणाऱ्या बायकांच्या हाताला पडलेले घट्टे बघून मी काकीला सांगितलं की हे थर वाढलेत. काकी म्हणाली, "थर नाय गो, मुसळ वाढला." श्वासनळीच्या अस्तराला बारीक केस असतात आणि ते धूळ वरच्या वर लोटत असतात, हे तर मला इतकं आवडलं की मसाला चाळताना मी मुद्दाम छाती भरून श्वास घेतला आणि मग संध्याकाळपर्यंत खोकत बसले. आई म्हणाली, "शिकान शानी झाली."

पुढे काय होणार हे घरात ठरलेलं होतं. पास झाले तर जूनमध्ये फोंड्याच्या घाटातून एस. टी.ने कोल्हापूरला, तिथल्या मुलींच्या वसतिगृहात. वडिलांनी तसं पत्राने कळवलं होतं. आईने काही म्हटलं नव्हतं. ती त्या बाबतीत बोलायचीच नाही आणि मीही विचारायची नाही.

त्या पौषात आईला ताप आला. गावात बऱ्याच जणांना आला होता. अंग मोडून येई, डोकं ठणके, नाक वाहे. आठवडाभराने ती उठली आणि कामाला लागली. बरी झाली असं आम्ही धरून चाललो. मात्र काही बारीकसारीक गोष्टी बदलल्या होत्या. दूध नासलंय की नाही हे ती आता मला विचारायची. कालवण चुलीवर असताना मधेच झाकण काढून बघायची, जे तिने जन्मात कधी केलं नव्हतं. एकदा पेज लागली, सगळ्या घरात करपट वास पसरला, आणि आई शेजारी बसून शांतपणे नारळ खवत होती. मी ओरडले तेव्हा म्हणाली, "लक्ष नव्हता माझा." मला ते खरं वाटलं.

खरं काय ते शिमग्यानंतर कळलं, आणि तेही दृष्ट काढताना.

काकीचा मुलगा दोन दिवस किरकिरत होता. दूध पीत नव्हता. काकीचं म्हणणं, शिमग्याला घरी आलेल्या कुणाची तरी दृष्ट लागली. आमच्याकडे दृष्ट काढायचा मान आईचा. तिने मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेतल्या, बाळावरून उतरवल्या, तोंडातल्या तोंडात म्हणायचं ते म्हटलं आणि सगळं चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकलं. आता यातली परीक्षा अशी की मिरच्यांचा खरपूस वास उठला तर दृष्ट नव्हती. आणि वास आलाच नाही तर दृष्ट होती, तीही जबर, कारण मिरचीचा सगळा जोर दृष्टीने खाऊन टाकला.

वास असा उठला की काकी बाळाला घेऊन मागच्या दाराने खळ्यात पळाली. मी पदर, म्हणजे तेव्हा परकराचा घोळ, तोंडाला लावून भिंतीला टेकले. कोंबड्यासुद्धा ओरडत गेल्या. आई चुलीपाशी वाकलेली, डोळ्यांतून पाणी वाहतंय, खोकून खोकून तोंड लाल झालेलं, आणि खोकता खोकता ती आम्हाला सांगतेय, "बघलास? वास येवक नाय! कसलोच वास येवक नाय! केवढी दिष्ट लागली होती झिलाक!"

काकी दारातून आत डोकावून बघत राहिली. "अगो वयनी," ती म्हणाली, "सगळो गाव खोकताहा, आणि तुका वास नाय?"

मला हसू आलं. पण आईचा चेहरा बघितला आणि ते विरलं. ती उभी राहिली, फडताळाकडे गेली आणि हिंगाचा डबा काढला. उघडला, नाकाला लावला. मग लवंगा. मग तिरफळं. मग हिंगाचा डबा पुन्हा. आमच्या दोघींकडे न बघता ती म्हणाली, "माका वास येणा नाय. तापापासून येणा नाय."

ती रडली नाही. मला वाटतं, रडली असती तर बरं झालं असतं. पाडवा तोंडावर आलेला. दोन-तीन बायकांनी मिरच्या वाळत घातल्या होत्या. वाडीत कळलं की तिचं नाक गेलं, तर त्या मिरच्या दुसऱ्या घरी जाणार हे उघड होतं. पण त्याहून मोठी गोष्ट आईने स्वतःच सांगितली. "भाजूक येयना झाला तर मी काय करू गो?" तिने मला विचारलं. तिला दुसरं काही येत नव्हतं असं नाही. शेत करायची, झापं विणायची, सगळं करायची. पण आपण कोण, असं कुणी विचारलं असतं तर तिने मसाल्याचंच नाव घेतलं असतं. मला भीती वाटली. आई अशी कधी विचारत नसे.

काकीची मला जास्त भीती वाटली. काकीच्या तोंडात तीळ भिजत नसे. आईने तिच्याकडे बघून एवढंच म्हटलं, "कोणाक सांगशीत तर बघ." काकी म्हणाली, "मी कित्याक सांगतलंय?" ही तिची नेहमीची प्रस्तावना होती. यानंतर ती विहिरीवर जायची आणि सगळं सांगून यायची.

दुसऱ्या दिवशी मी सरांना गाठलं. शाळा सुटल्यावर, वऱ्हांड्यात. आमच्या ओळखीतल्या एका बाईला, असं म्हणून सुरुवात केली. सगळं ऐकल्यावर सरांनी पहिला प्रश्न विचारला, "त्या बाई मिरचीच्या धुराने खोकल्या का?"

"पुष्कळ खोकल्या."

"डोळ्यांतून पाणी आलं?"

"आलं."

सर खूश झाले. अशा वेळी खूश व्हावं का, असं मला वाटलं, पण ते वर्गात शिरले, खडू घेतला आणि नाकाची उभी चीर काढली. "हे बघ. नाकाच्या आत बहुतेक सगळीकडे केसाळ पेशींचं अस्तर आहे. ते ओलं राहतं, धूळ अडवतं, हवा गरम करतं. मिरची झोंबते ती या अस्तरात, घशात, डोळ्यांत. ते त्यांचं शाबूत आहे. पण वास घ्यायचं काम या अस्तराचं नाही." मग त्यांनी पिवळा खडू घेतला आणि नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, छताला, एक लहानसा ठिपका काढला. "वास इथे कळतो. एवढ्याशा जागेत. हे अस्तर निराळं. माळ्यावर ठेवलेल्या वस्तूसारखं वर आहे, सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही. तापाने ते दुखावलं असणार. झोंबणं वेगळं आणि वास वेगळा."

"परत येईल?" मी विचारलं.

सरांनी खडू खाली ठेवला. "पुस्तकात दिलेलं नाही," ते म्हणाले. "काहींचं येतं असं ऐकलंय. किती दिवसांनी, ते मला माहीत नाही. तुझ्या आईंना सांग, रोज वास घेत राहा. अस्तर आहे, झिजतं तसं येतंही."

मी ओळखीतली बाई म्हटलं होतं. सरांनी आई म्हटलं. 

घरी येऊन मी आईला चुलीच्या राखेत नाक काढून दाखवलं आणि छताला ठिपका दिला. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाक म्हणजे काय कपबशी आसा, फुटला म्हणान बाजारातून दुसरा हाडूक?" पण झोंबणं वेगळं आणि वास वेगळा, हे तिला एकदम पटलं. ती म्हणाली की मिरची चांगली आहे की नाही हे अजून कळतं, धणे तेवढे हरवलेत. आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठल्या उठल्या ती हिंग, लवंग, तिरफळ असं एकामागून एक नाकाला लावू लागली. देवपूजेसारखं ते तिचं चालायचं.

परीक्षा झाली. पाडवा झाला. पहिल्या मिरच्या आल्या, आणि आईने मला कढईपाशी आपल्या डाव्या बाजूला उभं केलं. ठरलं असं की ती नेहमीसारखे डोळे मिटून ढवळणार, मला वास आला की मी हळूच तिचा पदर ओढायचा आणि ती म्हणणार, "काढ." कुणी विचारलं की पोर इथे कशाला, तर पोर शिकते आहे, उद्या घाटावर जाऊन हाताने करून खावं लागलं तर.

माझं नाक काही आईचं नव्हतं. सुरुवातीला मी फार लवकर ओढायची. धणे कच्चे राहतात की काय अशा शंकेने आई एक दाणा चावून बघायची आणि मला कोपराने ढोसायची, म्हणजे अजून नाही. हळूहळू मला कळायला लागलं. धण्यांचा आधी गवती वास येतो, मग थोडा गोड, आणि तो गोड वास संपता संपता एक क्षण असा येतो की तेवढ्यात काढलं पाहिजे, असं मला तेव्हा वाटे. मी हे हुंगणं आयुष्यभर जपलं आहे, आणि कुठल्याही पुस्तकाने मला इतकं नेमकं काही शिकवलेलं नाही. तिथे उभं राहणं मला आवडायला लागलं. आईच्या लुगड्याला धुराचा आणि हळदीचा वास यायचा. इतकी वर्षं मी या घरात होते, पण तिला इतकी चिकटून कधी उभी राहिले नव्हते.

एकदा मात्र फजिती झाली. मला सर्दी झाली. नाक असं चोंदलं की तोंडाने श्वास घ्यायची पाळी. त्या अस्तरातल्या ग्रंथी किती काम करू शकतात, हे मला तेव्हा कळलं. आता घरात दोघींनाही वास नाही, आणि दारात एक बाई धणे घेऊन बसलेली. शेवटी काकीला पदराला लावलं. काकीचं नाक म्हणजे उदार मनाचं. तिला सगळ्याचाच छान वास यायचा. आई ढवळतेय, मी आईकडे बघतेय, आई काकीकडे बघतेय आणि काकी मान हलवून म्हणते, "बरो येताहा. खूप बरो येताहा." पदर ओढायचं ती साफ विसरली. धणे काळपट झाले. आईने जिन्नस बदलून घरातले धणे भाजून दिले आणि त्या बाईला सांगितलं की कढई आज सगळीकडून सारखी तापली नाही. त्या बाईने आईकडे जरा रोखून बघितलं. "आज तू वास घेतलंस नाय कसो?" तिने विचारलं.

 काकीने तोंड उघडलं. आता संपलं, असं मला वाटलं.

"अगो, डोळ्यात धूर गेलो तिच्या," काकी म्हणाली. "सकाळधरना सांगतंय तिका, लाकडां ओली आसत म्हणान. आयकता कोण माझा?"

ती बाई गेल्यावर आईने काकीकडे बघितलं. काकीने खांदे उडवले आणि बाळाला कडेवर घेतलं. विहिरीवरच्या बायकांना त्या साली आमच्या घरातलं एवढं एक सोडून सगळं कळलं. काकीला ते किती जड गेलं असेल याची कल्पना मला आज येते. त्या दिवसापासून मी तिला कधी टोचून बोलले नाही, निदान त्या बाबतीत तरी.

चैत्र संपता संपता आईला वास यायला लागला, पण तो भलताच. प्रत्येक गोष्टीला घासलेटाचा. लवंगेला घासलेट, भाताला घासलेट, अबोलीच्या वळेसरात, म्हणजे गजऱ्यात, घातलेल्या सुरंगीच्या फुलांना घासलेट. ती घाबरली. याच्यापेक्षा काहीच येत नव्हतं ते बरं, म्हणाली. वडील मे महिन्यात आले ते तिच्यासाठी सुवासिक साबण घेऊन. तिने हौसेने नाकाला लावला आणि तोंड वाकडं केलं. वडिलांना सगळं सांगावं लागलं. ते ओसरीवर बसून खूप हसले. "इतकी वर्सां माझ्या तमाखूक नाक मुरडलंस," ते म्हणाले. "आता मी तमाखू ओढलंय काय आणि साबण लावलंय काय, तुका सगळा सारख्याच." आई त्यांच्यावर रागावली, आणि मग तिलाही हसू आलं. तापानंतर मी तिला पहिल्यांदाच तसं हसताना पाहिलं.

आता मी जाणते की तो घासलेटाचा वास चांगला होता. त्या अस्तराच्या तळाशी अशा पेशी असतात की ज्या जुन्यांच्या जागी नव्या घडवत राहतात, आणि नव्या पेशी जोडल्या जाताना सुरुवातीला गफलत होते. कातडी, तोंड, आतडी, सगळी अस्तरं स्वतःला नवी करतात. हेही करतं. पण तेव्हा आमच्या गावात हे कुणालाच माहीत नव्हतं, सरांनाही नाही. आम्ही फक्त रोज हिंग उघडत होतो.

निकाल लागला. मी पास झाले. काकीने साखर वाटली. वडिलांनी परत जाण्याआधी माझी कोल्हापूरची व्यवस्था पक्की केली. आई माझी पिशवी भरू लागली आणि मग एक दिवस म्हणाली की सगळ्यांचे मसाले झाले, आता आपला करायचा राहिला. घरचा मसाला नेहमी शेवटी व्हायचा. त्यातला अर्धा माझ्याबरोबर जायचा होता.

दुपारची वेळ होती. पडवीत आम्ही दोघीच. ढगांमुळे उकडत होतं. आईने धणे कढईत टाकले, डोळे मिटले आणि ढवळायला लागली. मी तिच्या डाव्या बाजूला. गवती वास आला, गेला. गोड वास आला. तो संपत आल्यासारखा वाटला आणि मी पदर ओढला.

आई ढवळतच राहिली.

मला वाटलं, तिला कळलं नाही. मी पुन्हा ओढला, जरा जोरात.

"ओढू नको गो," आई डोळे न उघडता म्हणाली. "लुगडा फाटात. अजून जावक नाय, कच्चे आसत ते."

"आये, करपतले!"

"गप रव."

ती ढवळत राहिली. मी नाक पुढे करून हुंगत होते, आणि मग खरंच त्या गोड वासाच्या मागून आणखी एक वास आला, भाजलेल्या काजूसारखा, जो मी सगळ्या हंगामात एकदाही ओळखला नव्हता, कारण मी नेहमी त्याच्या आधीच पदर ओढून हुंगणं थांबवत आले होते. त्याच क्षणी आई म्हणाली, "काढ." आणि स्वतःच कढई उतरवली.

मी तिच्याकडे बघत राहिले.  "तुका वास इलो?" मी विचारलं.

"येता," ती म्हणाली. "तुझ्या केसांक खोबरेलाचो खवट वास येता. धू ते उद्या."

"कधीपासून?"

आई धणे सुपात पसरत होती. "झाले बरेच दिस."

मला आनंद झाला, आणि त्याच्या पाठोपाठ रागही आला. मी रोज तिथे उभी राहून हुंगून हुंगून जीव काढत होते, सर्दी झाली तेव्हा रडकुंडीला आले होते, आणि ही बाई! "मगे माका सांगलंस कित्याक नाय?"

 सुपातला एक धणा उचलून तिने नाकापाशी नेला आणि परत ठेवला.

"सांगलंय आसता," ती म्हणाली, "तर तू पुस्तक घेवन माडाबुडी जावन बसलंस आसतंस. जूनात जातलंसच मां."

मी बडीशेपेचा डबा जवळ ओढला, त्यातली ओंजळभर कढईत टाकली, कढई चुलीवर ठेवली आणि तिच्या डाव्या बाजूला जाऊन पदर धरून उभी राहिले.